हात दाखवून अवलक्षण

माझ्या आयुष्यातलं पहिलं पिस्तूल मी अर्ध्या मिनिटात निवडलं. १९८० च्या आसपासची दिवाळी, फटाक्यांच्या स्टॉलवर ही गर्दी, आणि फळीवर मांडलेली टिकल्या फोडायची दोन पत्र्याची पिस्तुलं. एक काळं, एक चंदेरी. मी काळं उचललं, खाली ठेवलं, चंदेरी उचललं, पुन्हा काळ्याकडे हात नेला, तेवढ्यात वडील म्हणाले, "घ्यायचं तर हे घे, नाहीतर चल." मी 'हे' घेतलं. 'हे' म्हणजे कुठलं, ते आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्या दिवाळीत माझी एकही टिकली वाया गेली नाही.

दुसरं पिस्तूल निवडायला मला अकरा महिने लागले. तेव्हा मी त्रेपन्न वर्षांचा होतो आणि 'नाहीतर चल' म्हणायला वडील नव्हते.

त्याचं असं झालं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये स्वप्नील कुसळेने पॅरिसला रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस, आणि थेट ऑलिंपिकचं पदक! त्या संध्याकाळी आमच्या घरात दोन ठराव एकमताने मंजूर झाले. एक, यापुढे गाडीत टीसीशी हुज्जत घालायची नाही. दोन, धाकटीला नेमबाजीला घालायचं. धाकटी आठ दिवस गेली. नवव्या दिवशी तिने जाहीर केलं की एका जागी उभं राहून एकाच ठिपक्याकडे बघत राहणं याला खेळ नाही, शिक्षा म्हणतात. आणि ती बॅडमिंटनला गेली. इकडे तीन महिन्यांची फी भरलेली. पावतीच्या तळाशी ठळक अक्षरांत छापलं होतं, 'फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.' वयाची अट मात्र पावतीवर कुठेच छापलेली नव्हती. पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला एवढी फट पुरते. दहाव्या दिवशी तिच्या जागी मी जाऊन उभा राहिलो.

'पिस्तूल' हा शब्द आपल्याकडे एकतर सिनेमात येतो नाहीतर पेपरात 'गावठी' या विशेषणासह येतो. मी पिस्तूल शिकतोय ही बातमी सोसायटीत पसरली, तेव्हा पार्किंगवरून दोन वर्षं माझ्याशी अबोला धरलेले आमचे सेक्रेटरी जिन्यात स्वतःहून "नमस्कार" म्हणाले. मग त्यांना कळलं की हे एअर पिस्तूल आहे. त्यात दारू नसते, दाबून भरलेल्या हवेने साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा उडतो आणि ते बाळगायला परवानासुद्धा लागत नाही. अबोला पूर्ववत सुरू झाला.

पण हवेचं आहे म्हणून कुणी हसू नये. दहा मीटरवर कार्ड असतं. त्यावरचं काळं वर्तुळ पाणीपुरीच्या जरा मोठ्या पुरीएवढं, आणि त्याच्या मध्यभागी दहा गुणांचं जे वर्तुळ असतं ते साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. एका हाताने, तो हात सरळ ताणून, किलोभर वजनाचं पिस्तूल धरायचं आणि त्या बटणाला भोक पाडायचं. असं साठ वेळा, सव्वा तासात. साठ दाहे सहाशे. दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओने २००९ साली त्यातले ५९४ मिळवले होते. मी पहिल्या महिन्यात जे मिळवले ते इथे लिहिणं प्रशस्त नाही. त्यातले काही तर शेजारच्या लेनमधल्या मुलीच्या कार्डावर सापडले.

नवशिक्यांसाठी क्लबचं एक पिस्तूल होतं. त्याला सगळे 'आजीबाई' म्हणत. किती हातांखालून गेली असेल देव जाणे, तिच्या लाकडी मुठीवर डॉक्टरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि त्या पट्टीला तीन पिढ्यांच्या घामाचा वास येत असे. नळीवरचा रंग जिथे तिथे उडालेला. पण रोज सकाळी सहा ते रात्री नऊ ती मुकाट्याने राबायची. चौथ्या महिन्यात मी आजीबाईच्या मदतीने साठ गोळ्यांत ५०३ गुण केले. पुढच्या आठवड्यांतही त्याच्या आगेमागेच. पाचशे तीनच्या पुढे काही केल्या गाडी सरकेना.

इथे माझ्यातला विचारवंत जागा झाला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ज्याने केली त्याने अंगणाला ओळंबा लावून पाहिला नसणार. अंगण खरोखरच वाकडं असू शकतं. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून चालवता येते असं म्हणतात, पण दुसऱ्याच्या मुठीचं पिस्तूल चालवून मॅच कशी जिंकणार? मी सुभेदारांना तसं म्हणालो. सुभेदार म्हणजे आमचे सर. साताऱ्याकडचे, सैन्यातून निवृत्त झालेले. बोलणं छर्ऱ्यासारखं, एकेक मोजून.

"सर, स्वतःचं पिस्तूल घ्यावं म्हणतो."

"हात दाखवा."

मी ज्योतिष्यापुढे धरावा तसा तळवा पुढे केला. त्यांनी तो कागदावर पालथा पाडला, बोटांच्या कडेने पेन्सिल फिरवली, अंगठ्याच्या खोबणीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी लावली आणि म्हणाले, "मीडियम." माझ्याबद्दल इतका थोडक्यात आणि इतका बिनचूक निष्कर्ष आजवर कुणी काढला नव्हता.

वास्तविक निम्मा प्रश्न तिथेच सुटला होता. मॅचच्या पिस्तुलाची मूठ, जिला रेंजवर ग्रिप म्हणतात, ती हाताच्या मापाची लागते. लहान, मध्यम, मोठी, उजवी, डावी. उरलेला निम्मा प्रश्न असा, की नावाजलेल्या कंपन्या मोजून पाच-सात, आणि त्यांतलं कुठलंही पिस्तूल माझ्यापेक्षा चांगलंच असणार होतं. पण एवढ्या सरळ मार्गाने गेलो असतो तर बँकेत अठ्ठावीस वर्षं टिकलो नसतो. मी शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर 'श्री' काढलं आणि रकाने आखले.

मोरिनी स्विस, स्टायर ऑस्ट्रियन, पार्दिनी इटालियन, वाल्थर आणि फाइनवेर्कबाऊ जर्मन. यातलं शेवटचं नाव आमच्या रेंजवर कुणीच उच्चारत नाही. सगळे 'एफडब्ल्यूबी' म्हणून सुटका करून घेतात. मी पंधरा दिवस घोकून ते पाठ केलं. पिस्तूल परवडलं नाही तरी निदान नाव तरी आपलं व्हावं. नव्या पिस्तुलाची किंमत दीड-दोन लाखांच्या घरात. एवढ्या पैशात बिनबोभाट येणारी एक स्कूटर बघून ठेवली आहे, हे सौ.ने रकाने आखतानाच सांगून टाकलं.

मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. रेंजवर प्रत्येकाला पिस्तूल एकच माहीत असतं, स्वतःचं, आणि ते जगात सर्वोत्तम असतं. एक मेजरसाहेब म्हणाले, ट्रिगर मेकॅनिकलच घ्या, इलेक्ट्रॉनिकला बॅटरी लागते आणि बॅटरी ऐन वेळी दगा देते. एक इंजिनियर म्हणाले, इलेक्ट्रॉनिकच घ्या, लोणी कापल्यासारखा सुटतो. मी वहीत मनू भाकरचं नाव लिहिलं. टोकियोला ऐन पात्रता फेरीत तिचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत मोलाचा वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. यावरून मी पिस्तुलाच्या बिघाडाची धास्ती घेतली आणि त्या रकान्यात सात पानं भरली. पॅरिसला तिनेच दोन ब्राँझ पदकं मिळवली, एक एकटीने आणि एक सरबज्योत सिंगबरोबर. ही गोष्ट मात्र कुठल्या रकान्यात घालावी ते मला कळेना, म्हणून ती मी समासात लिहिली.

शेजारच्या लेनमधल्या बारा वर्षांच्या मुलीनेही सल्ला दिला. "काका, पिस्तूल राहू दे, तुमचं मनगट तुटतंय." मी दचकून मनगटाकडे पाहिलं. गोळी सुटताना मनगट ढिलं पडून नळी खाली जाते, त्याला मनगट तुटणं म्हणतात. "कुठल्या पिस्तुलाने कमी तुटतं?" मी विचारलं. तिने माझ्याकडे आपल्या आजोबांकडे बघावं तसं पाहिलं आणि कानात बोळे घातले.

भाचा जर्मनीत आहे, स्टुटगार्टला. त्याला फोन लावला.

"अरे, ते उल्म तुझ्यापासून किती लांब?"

"गाडीने तासभर. का हो मामा? आइनस्टाइनचं जन्मगाव बघायला येताय?"

"नाही रे, वाल्थरचा कारखाना तिथे आहे. एखादं पिस्तूल हाताळून बघ ना, मध्यम मापाचं. पुढच्या वेळी येताना बॅगेत—"

"मामा," तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही पाठवलेलं मेतकूट इथल्या कस्टमवाल्यांनी तीनदा हुंगलं होतं. मी पिस्तूल घेऊन मुंबईला उतरलो, तर तुम्ही आधी काय कराल, वकील बघाल की ग्रिप बघाल?"

मला उत्तर द्यायला एक क्षण उशीर झाला. त्याने फोन ठेवला.

याच सुमारास सौ.ने मोबाइलवर आलेला एक फोटो माझ्यासमोर धरला. तुर्कस्तानचा युसुफ दिकेच. वय एक्कावन्न, अंगात साधा टी-शर्ट, डोळ्यांवर साधा चष्मा, एक हात खिशात, जणू दूध आणायला निघाला होता आणि वाटेत ऑलिंपिक लागलं. पॅरिसला मिश्र सांघिक एअर पिस्तुलात त्याने रौप्यपदक मिळवलं. "बघा," ती म्हणाली, "काही लागत नाही." मी तिला समजावलं, की खिशात हात घालणं ही बेफिकिरी नव्हे, अंग स्थिर राहावं म्हणून आम्ही सगळेच तसा घालतो, हा माणूस २००८ पासून ऑलिंपिक खेळतोय, आणि लोकांनी त्याचा खिसा पाहिला, पण दुसऱ्या हातात मॅचचंच पिस्तूल होतं हे कुणी पाहिलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे तुमचा एक हात तयार आहे. खिशातला."

चष्म्यावरून आठवलं. पिस्तुलाला पुढच्या टोकावर जी छोटी माशी असते, ती स्वच्छ दिसली पाहिजे. मागची खाच आणि पुढचं काळं वर्तुळ अंधुक दिसलं तरी चालतं, नव्हे तसंच दिसावं लागतं. चाळिशी उलटलेल्या डोळ्यांना नेमकं हेच जमत नाही. त्यांना लांबचं दिसतं, नाहीतर पेपर दिसतो. मधला प्रदेश धुक्यात. मी चष्मेवाल्याकडे गेलो.

"जवळचा करायचा की लांबचा?"

"हाताच्या अंतराचा."

"काय वाचता त्या अंतरावर?"

"वाचत नाही, माशी बघतो."

त्याने नंबर काढण्याआधी माझ्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं.

छर्ऱ्यांचं तर वेगळंच पुराण. पाचशे छर्ऱ्यांची चपटी डबी मिळते. वरून सगळे सारखे. पण डबीवर डोक्याचं माप लिहिलेलं असतं, ४.४९ मिलिमीटर किंवा ४.५०. फरक शतांश मिलिमीटरचा. जाणकार लोक पिस्तूल शिकंज्यात पकडून वेगवेगळ्या डब्यांतले छर्रे उडवतात आणि कुठल्या डबीचे एकाच भोकात जातात ते ठरवतात. मी दुकानात या शतांश मिलिमीटरवरून अर्धा तास वाद घातला. दुकानदाराने शांतपणे विचारलं, "साहेब, तुमचा ग्रुप केवढा येतो?" ग्रुप म्हणजे सगळ्या भोकांचा मिळून पसारा. मी दोन्ही हातांनी दाखवला. तो म्हणाला, "मग कुठलीही घ्या."

त्या दुकानात मी अकरा महिन्यांत चार वेळा गेलो. चारही वेळा पिस्तूल हातात घेतलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोखलं, "विचार करून सांगतो" म्हणालो आणि उतरलो. पाचव्या वेळी मला बघून त्याने पिस्तूल काढलंच नाही, थेट कॅलेंडर दाखवलं.

शेवटी सुभेदारांनी मला बाकावर बसवून एक गोष्ट सांगितली. एवढं लांबलचक ते आयुष्यात एकदाच बोलले असावेत. हंगेरीत कारोय टाकाच नावाचा सैनिक होता, पिस्तुलाचा पट्टीचा नेमबाज. १९३८ साली हातबाँब फुटून त्याचा उजवा हात कायमचा निकामी झाला. नेम धरायचा तोच हात. तो गुपचूप डाव्या हाताने शिकला. पुढे १९४८ ला लंडनमध्ये आणि १९५२ ला हेलसिंकीमध्ये, दोन्ही ऑलिंपिकला, रॅपिड फायर पिस्तुलात त्याने सुवर्णपदक जिंकलं. डाव्या हाताने.

सुभेदार थांबले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी घसा साफ केला आणि विचारलं, "सर, त्याचं पिस्तूल कुठलं होतं?"

सुभेदार उठून चहा प्यायला गेले. परत आल्यावर म्हणाले, "साहेब, तुमचा दोष सांगू? तुम्ही हात थांबायची वाट बघता. हात कधी थांबत नसतो. माझाही थांबत नाही. तो हलतोय तसा हलू द्यायचा, माशीकडे बघायचं आणि हळूच दाबत जायचं. थांबला की मारतो म्हणाल तर दहाची गोळी सहावर जाते. आठ-दहा सेकंदांत सुटली तर सुटली. नाही सुटली तर हात खाली. श्वास घ्यायचा. परत वर." ते नेमबाजीबद्दलच बोलत होते. पण मला त्या क्षणी भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं.

दुसऱ्याच दिवशी पिस्तूल मिळालं. रेंजवरचा एक मुलगा एमएस करायला अमेरिकेला निघाला होता आणि त्याला त्याचं विकायचं होतं. "अर्ध्या तासात दुसरं गिऱ्हाईक येतंय काका," तो म्हणाला. आणि अकरा महिने, शंभर पानं, पाच कंपन्या, दोन चष्मे यांचं जे व्हायचं ते दहा मिनिटांत झालं. कंपनी कुठली ते सांगत नाही. एक म्हणजे पुढे जे झालं त्यात तिचा काही दोष नाही, आणि दुसरं म्हणजे वहीत तिला सगळ्यांत कमी गुण होते.

मुलाचा हात मोठ्या मापाचा. सुभेदार म्हणाले, ग्रिप भरून घ्या आणि घासा. हा या खेळातला सगळ्यांत जुना छंद. दोन लाखांच्या पिस्तुलाची अक्रोडाच्या लाकडाची सुबक मूठ घ्यायची, तिच्यावर सुताराची लांबी थापायची, ओली असतानाच मूठ आवळायची, वाळली की कानशीने जिथे टोचतं तिथे घासायची. पुन्हा आवळायची, पुन्हा टोचते, पुन्हा घासायची. मी तीन रविवार गॅलरीत बसलो. अंगठ्याच्या बुडाशी जरा जास्त खाल्लं गेलं म्हणून तिथे परत लांबी लावली. ती जास्त झाली म्हणून करंगळीकडून काढली. तेव्हा मधलं बोट अधांतरी राहिलं. तिसऱ्या रविवारी तुळशीवर, वाळत घातलेल्या कुरडयांवर आणि माझ्या भुवयांवर अक्रोडाचा भुगा जमला होता. मूठ चावलेल्या पेरूसारखी दिसू लागली. पण हातात घेतली की अशी बसायची, जणू कुणी जुन्या मित्राने हात हातात घेतला आहे. ती आता जगात दुसऱ्या कुणाच्याही हातात बसणार नव्हती. म्हणजे विकलीही जाणार नव्हती. हे सौ.ने बरोबर ओळखलं.

हवा भरणं हे वेगळं प्रकरण. मोटारीच्या टायरात दोन-सव्वादोन बार हवा असते. पिस्तुलाच्या नळीखालच्या बोटभर जाड सिलिंडरमध्ये दोनशे बार भरायची असते. क्लबमध्ये पाणबुड्यांच्या टाकीवरून दोन मिनिटांत भरून मिळते. पण मी बाणेदारपणे हातपंप आणला. सकाळी मी पंप मारायला लागलो की खालच्या मजल्यावरचे काका वर बघून विचारायचे, "सायकल कुठाय?"

घरच्या सरावासाठी मी भिंतीवर सौ.ची टिकली लावली. हिशेब सोपा आहे. दहा मीटरवर साठ मिलिमीटरचं काळं वर्तुळ, तर दोन मीटरवर बारा मिलिमीटरची टिकली. रिकामं पिस्तूल रोखायचं, ट्रिगर दाबायचा, माशी हलली का बघायचं. पण बारा मिलिमीटरची टिकली म्हणजे लग्नाकार्यात लावायची मोठी. पाकिटातल्या चार कमी झाल्यावर एका लग्नाला निघताना सौ.ने भिंतीवरची काढून कपाळावर लावली. त्या लग्नात मी तिच्याकडे पाहिलं की आपोआप श्वास रोखला जायचा. तिला उगीचच बरं वाटलं.

जिल्ह्याची मॅच जाहीर झाली. मॅचच्या आधी पिस्तुलाची तपासणी होते. नियम असा, की ट्रिगर किमान पाचशे ग्रॅमचा हवा. म्हणजे पिस्तुलाची नळी आकाशाकडे करून ट्रिगरला अर्धा किलोचं वजन अडकवून उचललं तर तो सुटता कामा नये. अर्धा किलोचं प्रमाणित वजन घरात कुठून आणणार? फ्रिजमध्ये श्रीखंडाचा अर्धा किलोचा डबा होता. मी त्याला सुतळीचं शिंकं केलं. पण डब्याचं स्वतःचं वजन धरून तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५३८ ग्रॅम भरला. मग काट्यावर ठेवूनच चमच्याने खायला सुरुवात केली. ५२१. ५०९. ४९४! एक चमचा परत टाकावा लागला. बरोबर ५०० झाल्यावर डबा ट्रिगरला टांगला, पिस्तूल हळूहळू वर उचललं, आणि खट्. सुटला. स्क्रू अर्धा फेरा आवळला. खट्. आणखी पाव फेरा. तिसऱ्या वेळी डबा लोंबकळत राहिला, ट्रिगर हलला नाही. अशा विजयाच्या क्षणी धाकटी पाणी प्यायला आली. बापाने एका हातात पिस्तूल धरलंय, त्याला श्रीखंड टांगलंय, मिशीला केशर लागलंय. ती पाणी न पिता परत गेली.

नव्या पिस्तुलाने क्लबमध्ये पहिल्यांदा पूर्ण साठ गोळ्या मारल्या. बेरीज केली. पुन्हा केली. ५०३. "नवीन आहे," मी सुभेदारांना म्हणालो, "सवय व्हायला वेळ लागेल." सुभेदारांनी मान डोलावली. ती होकाराची होती असं मी धरून चाललो.

मॅचच्या दिवशी तपासणीच्या टेबलापाशी मी परीक्षेला बसलेल्या हुशार मुलासारखा उभा होतो. आधी खोकं. ४२ सेंटिमीटर लांब, २० रुंद आणि ५ खोल, त्यात पिस्तूल मावलं पाहिजे. मावलं. वजन दीड किलोच्या आत हवं. ९८५ ग्रॅम. मूठ मनगटाला आधार देता कामा नये. देत नव्हती. ट्रिगरला वजन अडकवलं, उचललं, सुटला नाही. मला त्या पंचाला श्रीखंडाबद्दल सांगावंसं वाटलं. तेवढ्यात त्याने सिलिंडर फिरवला, चष्मा कपाळावर चढवला आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचली.

"काका, सिलिंडरची मुदत संपलीये. दहा वर्षं. एकोणीस दिवसांपूर्वी."

दोनशे बार हवा कोंडणाऱ्या सिलिंडरला दहा वर्षांची मुदत असते आणि ती बघण्याची जबाबदारी खेळाडूची असते, हे नियमात स्वच्छ लिहिलेलं आहे. माझ्या वहीत ट्रिगरला सात पानं होती, माशीच्या रुंदीला तीन, छर्ऱ्यांना बारा. मुदतीला रकाना नव्हता. आणि मी कोण? ज्याने अठ्ठावीस वर्षं लोकांच्या ठेवींच्या मुदती तपासल्या, ज्याने कित्येक आजोबांना "मुदत संपून गेली की, नूतनीकरण नाही का केलंत?" असं ऐकवलं, तो मी.

सुभेदार काही बोलले नाहीत. त्यांनी बॅगेतून आजीबाई काढली. चिकटपट्टी तीच, वास तोच. सिलिंडर मात्र करकरीत नवा. क्लबने दोन महिन्यांपूर्वी बदलला होता. खोक्यात मावली, वजनाला उतरली, ट्रिगर सुटला नाही. मी लेनवर पोहोचलो तेव्हा सराव-गोळ्यांची मोजकी मिनिटं उरली होती. माझ्या हाताला खड्डे होते माझ्या मुठीचे, आणि मुठीला उंचवटे होते परक्या हातांचे. काही जमवून घ्यायला वेळच नव्हता. हात हलत होता. मी म्हटलं, हल.

सव्वा तासाने पडद्यावर बेरीज आली. ज्येष्ठ गटात खालून तिसरा. ५०३.

मी बाकावर बसलो. सुभेदार शेजारी येऊन बसले. बराच वेळ त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"आजीबाईनं पाचशे तीन," ते म्हणाले. "तुमच्या पिस्तुलानं पाचशे तीन. आज परत पाचशे तीन. साहेब, ग्रुप झकास आलाय तुमचा. फक्त मध्यभागी नाही."

आता सुभेदारांसारखा माणूस एवढं म्हणतो म्हणजे त्याचा अर्थ घ्यायला हवा. मी तो घेतला. घरी आल्यावर त्या गॅलरीतल्या मुठीकडे पाहिलं, रद्दीच्या गठ्ठ्यावर वही ठेवली आणि ठरवलं, यापुढे निवडानिवड नाही. एक सिलिंडर मागवायचा, बस. दुकानात फोन लावला. त्याने माझा आवाज ओळखला आणि आधी एक उसासा सोडला.

"आहे साहेब, तुमच्या पिस्तुलाला बसणारा. काळा देऊ की चंदेरी?"

मी गप्प झालो.

"साहेब?"

"मुदत कुठल्याची जास्त आहे?"

"दोन्ही एकाच महिन्यातले आहेत. दहा-दहा वर्षं."

काळा पिस्तुलाला शोभला असता. चंदेरी उन्हात कमी तापला असता, निदान तसं वाटत तरी होतं. वजनात फरक असेल का? असेल तर नळीचं टोक किती खाली येईल? पलीकडे दुकानदार थांबला होता. मागे कुणीच नव्हतं. मी मनातल्या मनात मोजायला लागलो. सहा, सात, आठ. नऊ. दहा.

मग सुभेदारांनी शिकवलं होतं तसा हात खाली घेतला, श्वास सोडला आणि म्हणालो, "उद्या करतो फोन."